युनमोईचं माहेर

वहिनीचा फोन आला तेव्हा रुईश्या नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्यांची खोकी फळीवर लावत होती. चांद्र वर्ष सरायला पाच दिवस उरले होते. वर्षभर कुरकुरणारं दार लोकांना नेमकं याच आठवड्यात आठवतं, त्यामुळे तोफेनच्या त्या गल्लीत सकाळपासून गिऱ्हाइकांची रीघ होती. मेईजू वहिनी फोनवर कधी दोन वाक्यांच्या वर जात नसे. आजही ती दोनच वाक्यं बोलली. यंदा दुसऱ्या दिवशी आई घरी नसतील. मी त्यांना युआनलीला, माझ्या माहेरी घेऊन जाणार आहे.

रुईश्याच्या हातातलं खोकं हातातच राहिलं.

नव्या वर्षाचा दुसरा दिवस लेकींचा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण रुईश्याने एकही दुसरा दिवस चुकवला नव्हता. सातवा महिना लागला होता तेव्हाही गेली होती, घाटात दरड कोसळली त्या वर्षी शेवटचा तुकडा चालत गेली होती. बाराच्या आत ग्वानशीच्या घरासमोर उतरायचं, शिनफादादाने फटाक्यांची माळ पेटवायची, आईने ॲप्रनला हात पुसत बाहेर यायचं आणि "वाळलीस गं" म्हणायचं. वजन कितीही वाढलेलं असो, आई तेच म्हणायची. बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी यात काही बदललं नव्हतं.

"मग मी कुठे जायचं?" तिने विचारलं.

"तेच बोलायचं होतं, वन्सं. उद्या इकडे येता का?"

येते, असं रुईश्या म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला म्हणाली की वहिनीने तिचं माहेर बंद करायला घेतलंय. नवरा बिचारा भला माणूस. त्याने एका गिऱ्हाइकाला चुकीचे स्क्रू दिले.

या सगळ्याचं मूळ शरदातल्या पौर्णिमेच्या सणात होतं. त्या दिवशी जेवण झाल्यावर आईने तिन्ही मुलांना मागच्या खोलीत नेलं आणि कपाट उघडून दाखवलं होतं. पाय शेकायचं यंत्र, तीन थर्मास, मनगटाचा रक्तदाब मोजणारं काहीतरी, जिनसेंगच्या पेट्या, रेशमी पांघरूण, सगळं ज्याच्या त्याच्या खोक्यात, फितीसकट. तुम्ही प्रेमाने आणता, आई म्हणाली होती, पण मी सत्त्याहत्तर वर्षांची झाले, मी गेल्यावर हे सगळं मेईजूलाच आवरायला लागणार. यापुढे वस्तू नकोत. द्यायचंच असेल तर कपाटात ठेवायला लागणार नाही असं काहीतरी द्या.

तेव्हापासून तिघा भावंडांत खल चालला होता. धाकटा शिनरोंग तैपेईत चिपच्या कंपनीत होता. त्याने जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची सहल सुचवली. दादाचं म्हणणं, आईला बसमध्ये उलट्या होतात, तिला जपान कसलं दाखवतोस. रुईश्याच्या मनात होतं की महिन्यातून एकदा येऊन आईला बाजारात न्यावं, पण दुकान सोडून दर महिन्याला येणं जमेल का याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. मेईजू वहिनीला कुणी विचारलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या घरात राहून तिला कुणी फारसं काही विचारत नसे. तीही मनाला लावून घेत नसे, असं सगळ्यांना वाटायचं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रुईश्या ग्वानशीला पोचली तेव्हा मागच्या अंगणात गोड चिकट भाताचे पोळे वाफवायला ठेवले होते. मोठ्या लाकडी चाळणीपाशी आई स्टूल टाकून बसली होती. वाफ चढत असताना तिथे कुणी वेडंवाकडं बोललं तर पोळा फुगत नाही, हे त्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. म्हणून भांडायची मंडळी पुढच्या खोलीत पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर बसली होती. दादा होता, सुट्टी टाकून आलेला शिनरोंग होता, आणि मधल्या खुर्चीत काठी गुडघ्यावर आडवी ठेवून थाओ आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वय ऐंशी. दात स्वतःचे, जीभही. लग्न होऊन शिनपूला गेल्याला साठ वर्षं झाली तरी दर वर्षी दुसऱ्या दिवशी ती भावाच्या घरी यायची, आणि भाऊ गेल्यावरही तिने यायचं थांबवलं नव्हतं. रुईश्याला तिला पाहून बरं वाटलं. आत्या आपल्या बाजूने बोलणार हे उघड होतं.

मेईजूने चहा ओतला आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. गावातल्या ज्येष्ठांच्या वर्गात आई मंगळवारी अक्षरं गिरवायला जायच्या. मागच्या महिन्यात त्यांनी जाणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणाल्या. पण गुडघा भाजी निवडताना दुखत नव्हता, म्हणून मेईजूने हळूच विचारलं. तेव्हा कळलं की मास्तरणीने सगळ्या म्हाताऱ्यांना एकेक करून सांगायला लावलं होतं, दुसऱ्या दिवशी माहेरी जाताना वाटेत काय काय दिसायचं. कुणी नदी सांगितली, कुणी संत्र्याची बाग. आईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, मी त्या दिवशी स्वयंपाक करते. बाया हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा करते आहे.

खोलीत कुणी हसलं नाही. आईची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, इतकी की ती गोष्ट आहे हेच ते विसरून गेले होते. आठ महिन्यांची असताना तिला या घरात दिलं होतं. वाढवायचं आणि मोठी झाली की याच घरच्या मुलाला द्यायचं, म्हणजे लग्नाचा खर्च नको आणि सून हाताखाली तयार. त्या काळात डोंगरातल्या निम्म्या घरांत असंच चालायचं. दोन वर्षांपूर्वी शिनरोंगने जुनी नोंदणी शोधून तिच्या जन्मदात्यांचं कूळ काढलं होतं. पूर्वेकडे गेलेल्या त्या कुटुंबातला एक पुतण्या फोनवर भेटलाही. आमच्या घरातून कुणी मुलगी दिल्याचं आम्हाला माहीत नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला होता. त्यावर आई एवढंच म्हणाली होती, की त्याचंही बरोबर आहे, तो तेव्हा कुठे जन्मला होता.

"माझ्या आईला मी विचारलं," मेईजू म्हणाली. "तुला एक लेक आणखी चालेल का म्हणून. ती म्हणाली, घेऊन ये."

आत्याने काठी जमिनीवर टेकली. "हे बघ मेईजू, तू मनाने चांगली आहेस. पण युनमोई आठ महिन्यांची असताना या उंबऱ्यात आली. हेच तिचं माहेर आणि हेच सासर. बाकीच्या पोरी लग्नात रडतात, तिला रडायचीसुद्धा गरज पडली नाही. आणि दुसऱ्या दिवशी घरची बाई घर सोडून निघाली तर आलेल्या लेकींना वाढायचं कुणी?"

शिनरोंगने मान हलवली. तोही म्हणाला की प्रथा मोडायचीच तर झऱ्यांची सहल काय वाईट होती. दादा खाली बघत बसला. आत्याने रुईश्याकडे पाहिलं, आता तू बोल अशा नजरेने.

रुईश्या बोलणारच होती. कालपासून तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. पण आत्याचं शेवटचं वाक्य कानात तसंच राहिलं होतं. आलेल्या लेकींना वाढायचं कुणी. काल फोनवर आपण हेच विचारलं, फक्त शब्द वेगळे होते, हे तिच्या ध्यानात आलं आणि कानशिलं तापली. तिने आत्यावरची नजर काढून वहिनीकडे वळवली. मेईजू रिकामी किटली दोन्ही हातांत धरून उभी होती. बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"वहिनी, तू तुझ्या माहेरी कधी जातेस गं?"

"चौथ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी कुणाकडे जायचं नसतं ना."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही येता," मेईजू म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर रुईश्याला सोपं गेलं असतं. अठ्ठावीस वर्षं आपण बाराच्या आत येऊन बसलो, माहेरवाशिणीने कामाला हात लावायचा नसतो म्हणून खुर्चीतून उठलो नाही, आणि आपल्यासमोर वाटी ठेवणारी ही बाईसुद्धा कुणाची तरी लेक आहे हे मनातही आलं नाही. आज पहिल्यांदा तिला दुसरा दिवस मोकळा मिळवायचा होता, तर तो ती स्वतःसाठी मागत नव्हती. सासूला देत होती. रुईश्याला वाटलं, आपण तिघांनी चार महिने डोकं खाजवलं आणि काय तर यंत्रं नि सहली. हिने मात्र आईच्या आयुष्यात नेमकं जे नव्हतं तेच शोधून काढलं. इतकी वर्षं आपण या बाईला शांत म्हणत आलो. शांत नव्हती ती. बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "आईला जाऊ दे."

"आणि तू?" आत्याला हे अनपेक्षित होतं.

"मी पण जाईन तिच्याबरोबर. आईचं माहेर ते माझं आजोळ. दुकानात येणाऱ्या बायकांची पोरं आजोळच्या गोष्टी सांगतात. मला चौपन्नाव्या वर्षी मिळतंय तर मी का सोडू?"

मागच्या दारात आई कधी येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नाही. पोळ्याच्या वाफेने तिचा चेहरा ओला झाला होता. मला कुठे जायचं नाही, ती म्हणाली. तिकडची समुद्रकाठची भाषा मला धड येत नाही, आणि वन्संना कोण वाढेल? ती आत्यालाच वन्सं म्हणत होती. दोघी एका खोलीत वाढल्या होत्या, तरी वन्संच.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला शिनफादादा बोलला. "आत्याला मी वाढीन."

"तू?" आत्या म्हणाली. "तुला पाणी उकळता येतं का?"

"येतं. त्याच्या पुढचं पाच दिवसांत शिकतो."

शिनरोंग हसला, आणि हसता हसता त्यालाही काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, दादाला एकट्याला सोपवलं तर आत्या उपाशी राहील, मी तांदूळ धुवायला थांबतो. आत्याने काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. हो म्हणाली नाही, पण उठूनही गेली नाही. त्या घरात आत्याचा होकार असाच असायचा.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पूर्वजांपुढे उदबत्ती लावली आणि जास्तच वेळ उभी राहिली. मग तिने निळा कोट घातला, काढला, पुन्हा घातला. माहेरी जाताना हात रिकामा नसावा म्हणून तिने पोळ्याची जोडी आणि संत्री बांधून घेतली. मेईजूने अडवलं नाही. लेकीने काय न्यायचं हे लेकीने ठरवायचं असतं. रुईश्याच्या नवऱ्याने गाडी चालवली. डोंगर मागे पडले, सपाट भातखाचरं आली, पवनचक्क्या आल्या. आई खिडकीला नाक लावून बसली होती. वाटेत काय काय दिसतं ते ती पाठ करते आहे, हे रुईश्याच्या उशिरा लक्षात आलं.

गल्लीच्या तोंडाशी फटाक्यांची माळ तडतडली. दारात मेईजूची आई उभी होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, कमरेत वाकलेली, बोटं आयुष्यभर लव्हाळ्याच्या टोप्या आणि चटया विणून पिवळी पडलेली. तिने निळ्या कोटातल्या बाईला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. मेईजूने सांगायच्या आतच आईला ते समजलं, कारण जगातल्या सगळ्या आया तेच म्हणतात. वाळलीस गं.

शेजारच्या बायका डोकवायला आल्या. ही कोण म्हणून विचारायला लागल्या. म्हातारी म्हणाली, माझी थोरली. एकीने हिशेब केला, मग सात वर्षांच्या होतात का हो तुम्ही तेव्हा? "हो, सातव्या वर्षी झाली मला," म्हातारी म्हणाली. "आमच्याच घरात लेकी लवकर होतात." आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती मेईजू. रुईश्याने चमकून पाहिलं. वहिनी अशी हसते, मान मागे टाकून, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आई दोनदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोनदा हाकलली गेली. तिसऱ्यांदा म्हातारीने तिला मनगटाला धरून बाहेर आणलं आणि चटईवर बसवलं. तिला तिथे हात कुठे ठेवावे कळेना. मांडीवर ठेवले, कोटाच्या खिशात घातले, शेवटी चटईची एक सुटलेली काडी बोटाने आत सारत राहिली. जेवायला आल्यात वाफवलेला मासा होता, शिंपल्यांचं सूप होतं, अख्खी कोंबडी होती. म्हातारीने कोंबडीची तंगडी तोडली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना रुईश्याच्या वाडग्यात टाकली. नातीला पहिली तंगडी, मेईजूने अर्थ सांगितला. रुईश्याने ती हाताने धरून खाल्ली. तिची स्वतःची मुलगी तेवीस वर्षांची होती. नवरा तिच्याकडे बघून गालात हसत होता, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

जेवणानंतर पुरुष मंडळी बंधाऱ्यावर फिरायला गेली. चौघी बायका चटईवर टेकल्या. म्हातारीने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि विचारलं. मेईजूने ते आईच्या हाक्का भाषेत सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज जरा बदलला.

"ती विचारतेय, सासरी कसं आहे? सासू त्रास देते का?"

सासूला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. रुईश्याला वाटलं आई हसेल. आई हसली नाही. बरं आहे, ती म्हणाली. सगळ्याच लेकी आधी तसंच म्हणतात. म्हातारी थांबली. तिला घाई नव्हती.

मग आई बोलायला लागली. मारत नव्हत्या त्या, ती म्हणाली, मारल्याचं मी सांगणार नाही. पण नावाने हाक मारली नाही कधी. ए म्हणायच्या. सहाव्या वर्षी पाटावर उभी राहून भात शिजवायचे, करपला की करपलेला मला. वन्सं शाळेत जायच्या, मी त्यांचं दप्तर धरून फाटकापर्यंत. ती सलग बोलत होती, आपल्या डोंगरातल्या हाक्कात, आणि समोरच्या म्हातारीला त्यातलं दहा शब्दांत एक कळत असेल नसेल. मेईजूने मध्ये अर्थ सांगायला तोंड उघडलं. म्हातारीने हात वर केला.

"राहू दे. कळतंय मला."

"सतराव्या वर्षी," आई म्हणाली, "वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांचं जेवण झालं. मी भांडी घासून आले आणि पाहिलं तर माझी गादी जागेवर नव्हती. त्यांनी ती उचलून यांच्या खोलीत नेऊन टाकली होती. म्हणाल्या, आजपासून तिथे. एवढंच झालं माझं लग्न. ते वाईट नव्हते, मला भाऊच वाटायचे ते. पण मला त्या दिवशी कुठेतरी जाऊन रडायचं होतं. जायला जागाच नव्हती."

रुईश्याने हे कधी ऐकलं नव्हतं. तीन मुलं, सात नातवंडं, एवढी वर्षं, आणि कुणी ऐकलं नव्हतं. तिला आईजवळ सरकावंसं वाटलं, पण ती सरकली नाही. ही वेळ लेकीची नव्हती. म्हातारीने आईचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई चौऱ्याऐंशीच्या खांद्यावर आधी ताठ राहिली, आणि मग राहिली नाही. पलीकडे मेईजू चटईच्या कडेला पाठ करून बसली होती. रुईश्याने तिचा हात धरला. मेईजूनेही घट्ट धरला. नणंद-भावजयींनी एकमेकींचा हात धरायची ती पहिलीच वेळ.

थोड्या वेळाने आई तिथेच कलंडून झोपली. नव्या वर्षात दिवसाढवळ्या तिला झोपलेलं रुईश्याने जन्मात पाहिलं नव्हतं. म्हातारीने तिच्या अंगावर आपलाच कोट टाकला आणि शेजारणींना दारातूनच परत पाठवलं. लेक दमून आलीय, ती म्हणाली.

उन्हं उतरायच्या आत निघाले. दारात म्हातारीने पोचल्यावर फोन करायला सांगितलं. आईने मोडक्यातोडक्या समुद्रकाठच्या भाषेत उत्तर दिलं, ते व्याकरणाला धरून नसावं, कारण मेईजूचा भाऊ हसला. पण म्हातारीने मान डोलावली.

ग्वानशीला पोचले तेव्हा पुढच्या खोलीत दिवे लागले होते. आत्या मधल्या खुर्चीत बसलेली, समोर टेबलावर जेवणाचं उरलंसुरलं तसंच झाकून ठेवलेलं. शिनरोंगच्या शर्टावर सोयाचा मोठा डाग होता. दादाने लगेच कबूल केलं की मासा तळताना कातडी तव्याला चिकटली, भात दोनदा लावला, आणि दुसऱ्यांदा लावायला करपलेलं भांडं आत्यानेच घासलं.

"भुकेपोटी घासलं," आत्या म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं. नजर तीच जुनी, पण त्यात कुतूहल होतं. "काय गं, झालं का तुझं फिरणं?"

आईने कोट काढून खुंटीला लावला. टेबलाशी आली, झाकण उचललं, त्या विद्रूप तळलेल्या माशाचा एक तुकडा चवीला घेतला आणि जरा विचार केला.

"बरा झालाय, शिनफा," ती म्हणाली. "पण आमच्याकडे मासा तळत नाहीत. आल्यात वाफवतात."

"आमच्याकडे?" आत्याने विचारलं. "आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"माझ्या माहेरी," युनमोई म्हणाली, आणि आत्यासमोर खुर्ची ओढून बसली.